देव काम करतो, मग माणूस काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ बरीच वर्षं दारूत अडकलाय. घरचे सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करताहेत. चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, "देवावर सोडा, व्यसनमुक्ती केंद्रात नेणं म्हणजे अविश्वास." आणखी कोणी म्हणालं, देवानेच काही हेतूने त्याला या वाटेला लावलं. आणि तुम्हाला स्वतःला पडलेला पेच हा की, सगळं देवच करणार असेल तर आपण नेमकं काय करतोय, आणि उद्या तो सुटलाच तर श्रेय कोणाचं?

मी पाळक आहे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मसेवक. अशा घरांत जाऊन बसण्यात माझ्या सेवेचा बराच काळ गेलाय, म्हणून तातडीचं आधी सांगतो. भावाला डॉक्टरांकडे न्या. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याची दारू एका दिवसात तोडली तर हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं काहीही होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. रात्रभर प्रार्थना करून सकाळी बाटल्या फोडायच्या आणि माणसाला खोलीत कोंडायचं, हा मार्ग धोक्याचा आहे. देखरेखीखाली दारू सोडवण्यात अविश्वास नाही. का नाही, ते सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

देवाच्या आणि माणसाच्या कामाबद्दल बहुतेकांच्या मनात एक चित्र असतं. दोघांनी मिळून जड पेटी उचलावी तसं: एकाने जोर जास्त लावला की दुसऱ्याला कमी लावावा लागतो. मग भाविक माणसाला वाटतं, मी हात काढून घेतला की देवाला पूर्ण वाव मिळेल. कर्तबगार माणसाला वाटतं, मी माझा भाग उचलला की उरलेला देव उचलेल. दोघांचं वरवर पटत नाही, पण चित्र दोघांचं एकच, आणि ते चित्रच चुकीचं आहे. आपल्याकडे 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणतात. म्हण उमेद देणारी आहे, पण ख्रिस्ती विश्वास देवाला प्रयत्नाच्या शेवटाला उभं करत नाही. प्रयत्न सुरू करावासा वाटला, तिथेच देवाचं काम सुरू झालेलं असतं, असं तो मानतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, 12व्या आणि 13व्या वचनांत, हे एका दमात आलंय. आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा करणं आणि कृती करणं ही दोन्ही साधून देणारा देव आहे. इथे 'कारण' आहे, 'तरीसुद्धा' नाही. देव करतोय म्हणून तुम्ही स्वस्थ बसा, असं पौल म्हणत नाही. देव करतोय म्हणूनच तुम्ही करा, असं म्हणतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचं 1785 सालचं एक प्रवचन याच वचनांवर आहे, आणि त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो: देव काम करतो म्हणून तुम्हाला काम करता येतं, आणि देव काम करतो म्हणून तुम्हाला काम करावंच लागतं. या विषयावर एवढं नेमकं फार थोड्यांनी सांगितलंय.

पण वचनापेक्षा मला या बाबतीत एक प्रसंग जास्त उपयोगी पडतो. 'देवावर सोडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाचायला सांगतो: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. पौल कैदी आहे, त्याला जहाजातून रोमला नेताहेत. वादळ उठतं. दिवसेंदिवस सूर्य नाही की तारे नाहीत. जहाजावरची सामग्री समुद्रात टाकून झाली, आणि शेवटी वाचण्याची आशाही कोणी धरेना. अशा वेळी पौल उभा राहून सांगतो, काल रात्री देवाचा दूत माझ्याजवळ उभा होता. जहाज जाईल, पण तुमच्यातल्या एकाचाही जीव जाणार नाही. वचन स्पष्ट आहे, त्याला कुठलीही अट जोडलेली नाही.

पुढे बघा. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखी वाटते. ते पाण्याची खोली मोजतात: आधी वीस वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर), मग पंधरा. खडकावर आपटू या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. मग नाळेकडूनही, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडूनही, नांगर टाकायचे आहेत असं दाखवून ते छोटी होडी हळूच पाण्यात सोडतात, म्हणजे पळून जायचा बेत. पौल शताधिपतीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या रोमी अधिकाऱ्याला, म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी वाहून जाते.

सगळे वाचतील हे ज्याने देवाकडून ऐकलंय, तोच माणूस म्हणतोय की खलाशी गेले तर तुम्ही वाचणार नाही. त्याला यात कुठेही विसंगती वाटत नाही. जहाज हाकता येणारे हात त्या खलाशांचेच होते, आणि देवाने दिलेलं वचन त्या हातांतूनच पुरं व्हायचं होतं. नंतर पौल सगळ्यांना जेवायला लावतो, कारण पोटात अन्न नसेल तर पोहणार कसे? जहाजावर 276 माणसं होती, असं तिथे लिहिलंय. जेवण झाल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकून त्यांनी जहाज हलकं केलं. जहाज रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटू लागला. कैदी पळतील म्हणून शिपायांनी त्यांना मारायचं ठरवलं, पण पौलाला वाचवायचं म्हणून शताधिपतीने त्यांना अडवलं. पोहता येणारे आधी उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर तरंगत येतात, आणि सगळे सुखरूप माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. या अध्यायात समुद्र दुभंगत नाही, वादळ कोणी शांत करत नाही. नांगर, दोर, जेवण, एका अधिकाऱ्याची मर्जी आणि फळ्या, एवढ्यांतून देवाने आपला शब्द खरा केला.

हाच धागा बायबलभर दिसतो. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला म्हणतो, माझ्या लोकांचा आकांत मी ऐकलाय, त्यांना सोडवायला मी खाली उतरलोय. आणि लगेच म्हणतो, तर आता जा, मी तुला पाठवतो. नहेम्या यरुशलेमचा तट बांधत असताना शत्रू चालून येणार असं कळतं, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. लाजराला कबरेतून उठवणं येशूशिवाय कोणालाच शक्य नव्हतं, तरी धोंड बाजूला करा असं तो माणसांना सांगतो, आणि उठलेल्याची बंधनं सोडायलाही माणसांनाच लावतो. जो मेलेल्याला जिवंत करतो त्याला धोंड हलवता आली नसती का?

आता हे शक्य कसं होतं? एकच कृती पूर्ण देवाची आणि पूर्ण माणसाचीही, हे नुसतं बोलण्यापुरतं आहे का? तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी याचं उत्तर देताना म्हटलंय की, एखादा परिणाम थोडा देवाकडून आणि थोडा निर्मित वस्तूकडून, असा वाटून होत नाही. तो पूर्ण दोघांकडून होतो, पण वेगवेगळ्या रीतीने. देव हा जगातल्या अनेक कारणांपैकी एक मोठं कारण नाही. ज्याच्यामुळे बाकीच्या कारणांना कारण होता येतं, तो देव आहे. म्हणून त्याने काम केलं की माणसाची जागा आकसत नाही.

तरीही मला यापेक्षा मोठा आधार ख्रिस्तात सापडतो, आणि ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाकडे तिथूनच पाहावं असं मला ठामपणे वाटतं. येशू खरा देव आणि खरा माणूस, हे 451 साली खाल्केदोनला भरलेल्या चर्चच्या परिषदेने मांडलं. पुढे सातव्या शतकात वाद पेटला की त्याची इच्छाशक्ती एक की दोन. एकच आणि तीही दैवी, असं म्हटलं की भांडण मिटतं, साम्राज्यात शांतता राहते, असा सम्राटांचा हिशेब होता. मॅक्सिमस नावाच्या एका संन्याशाने त्याला नकार दिला. गेथशेमाने बागेत "माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असं म्हणणाऱ्याला खरी मानवी इच्छा नव्हती असं मानलं, तर ती प्रार्थना देखावा ठरते. आणि आपली इच्छाशक्ती ज्याने धारणच केली नाही तो ती बरी तरी कशी करणार? या म्हातारपणी केलेल्या हट्टापायी त्याची जीभ आणि उजवा हात तोडले गेले, आणि 662 साली हद्दपारीत त्याचा अंत झाला. पुढे 680 ते 681 या काळात कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने त्याचीच बाजू उचलून धरली: ख्रिस्तात दोन इच्छा, दोन क्रिया, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेने गिळली जात नाही, तर ती तिच्या मागे मनापासून जाते.

हे सगळं तुमच्या भावाच्या बाटलीपर्यंत येतं. देव माणसाच्या सगळ्यांत जवळ जिथे आला, तिथे माणूस कमी झाला नाही. तिथेच तो पहिल्यांदा पुरता माणूस झाला. मग देवाने तुमच्या भावात काम केलं, तर भावाची इच्छा बाजूला सारली जाईल असं समजू नका. उलट आज त्याची इच्छा दारूने बांधलेली आहे. देवाचं काम म्हणजे ती मोकळी होणं.

इथे उत्तर आफ्रिकेतले प्राचीन बिशप ऑगस्टीन आठवतात. त्यांची एक प्रार्थना होती, तिचा आशय असा: तू जी आज्ञा करतोस ते पाळण्याचं बळ तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. त्यांच्याच काळातला धर्मशिक्षक पेलागियस, त्याने रोममध्ये ही प्रार्थना ऐकली आणि तो भडकला. त्याचं म्हणणं, अशाने माणसं आळशी होतील. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहेच. व्यसनी माणसाशेजारी बसलेल्या कोणालाही पेलागियसचं म्हणणं किती निर्दय आहे ते कळतं. "मनावर घेतलं तर सुटेल" हे तुमच्या भावाने कित्येकदा ऐकलं असेल, आणि मनावर घेणंच तर हातात राहिलेलं नाही. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. 529 साली दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंजच्या परिषदेने आणखी पुढे जाऊन म्हटलं की विश्वासाची सुरुवात, विश्वास ठेवावासा वाटणं, हेसुद्धा कृपेचंच काम आहे.

त्यानंतरही वाद थांबला नाही. 1524 साली विद्वान इरॅस्मस आणि 1525 साली प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर इच्छास्वातंत्र्यावर भिडले. 1547 साली कॅथोलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने म्हटलं, कृपेने जागी झालेली इच्छा कृपेला होकार देते, सहकार्य करते. प्रोटेस्टंटांच्या डॉर्टच्या सभेने, 1618-19 साली, कृपेच्या प्रभावीपणावर भर दिला. कॅथोलिकांमध्येही डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन संन्यासी संघांचं याच मुद्द्यावरून इतकं पेटलं की 1607 साली पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देताच चर्चा थांबवली आणि एकमेकांना दोष देऊ नका म्हणून बजावलं. हा मला त्या सगळ्या इतिहासातला शहाणपणाचा क्षण वाटतो. कृपा आधी, आणि तिच्यामुळे माणसाचा खरा प्रतिसाद, एवढ्यावर यातल्या कोणाचाच वाद नव्हता. तो प्रतिसाद नेमका कसा घडतो, यावर होता. तुमच्या घराला पहिलं पुरेसं आहे.

आता ती दुसरी गोष्ट, देवानेच त्याला दारूला लावलं. हे ज्याने सांगितलं त्याचा हेतू धीर देण्याचा असेल, पण हे बायबलच्या विरुद्ध आहे. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे: मोहात पडणाऱ्याने 'देवाने मला मोहात घातलं' असं म्हणू नये, देव कोणाला मोहात घालत नाही. त्याच ऑरेंजच्या परिषदेने देवाने कोणाला वाईटासाठी नेमलं हे मत नुसतं नाकारलं नाही, त्याचा धिक्कार केला.

मग योसेफाचं काय, असं तुम्ही विचाराल. भावांनी त्याला विकलं, आणि वर्षांनंतर तो त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. नीट वाचा. एकाच घटनेत दोन हेतू आहेत, आणि योसेफ ते एकमेकांत मिसळत नाही. भावांचा हेतू दुष्ट होता, तो दुष्टच राहतो. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरचा राजा देवाच्या रागाची काठी म्हटलाय, पण त्याच्या मनात तसं काही नाही, त्याला फक्त राष्ट्रं उद्ध्वस्त करायची आहेत. म्हणून देव त्याच्या गर्वाचा झाडा घेतो. वधस्तंभाचंही तसंच. हेरोद, पिलात आणि इतरांनी केलं ते देवाने आधीच ठरवलेलं होतं, असं प्रेषितांची कृत्ये 4 मध्ये आहे, आणि तरी त्याला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल येशू म्हणतो, त्या माणसाला हाय हाय! वाईट कृत्यातूनही देव आपलं काम करून घेतो, पण ते कृत्य त्यामुळे चांगलं होत नाही आणि करणारा सुटत नाही. इथे मतभेद आहेत: काही परंपरा म्हणतात देवाने ते ठरवलं, काही म्हणतात होऊ दिलं. पण देव पापाचा कर्ता आहे असं यातली कोणीही म्हणत नाही. आणि योसेफाचं ते वाक्य योसेफानेच म्हणायचं असतं, ज्याने सोसलं त्याने, तेही बऱ्याच काळानंतर. तुमच्या वहिनीला ते दुसऱ्या कोणी ऐकवू नये.

श्रेयाचं राहिलं. एका कुटुंबात वडील मोठ्या आजारातून उठले, तेव्हा मी आभाराच्या उपासनेला होतो. एकामागून एक उठून साक्ष देत होते: फक्त देवाने केलं, माणसाचा यात काही हात नाही. थोरली मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. महिनोन्महिने तिने वडिलांची कूस बदलली होती, नळीतून अन्न भरवलं होतं, औषधांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, देवाने केलं हे खरंच. पण मग मी काय करत होते?" मी तिला सांगितलं, देव जे करत होता तेच तू करत होतीस. त्या लोकांना वाटत होतं की मुलीचं नाव घेतलं तर देवाचा महिमा कमी होईल. मला नेमकं उलटं वाटतं. ल्यूथर रोजच्या कष्टांना देवाचे मुखवटे म्हणत: शेत, घर, राज्यकारभार यांच्याआड राहून देव सगळं देतो. मुखवट्याला देव समजू नये हे बरोबर, पण मुखवटा नव्हताच असं म्हणणं हाही खोटेपणा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीत आपल्यानंतर काम केलेल्या अपुल्लोसाबद्दल तिथल्या लोकांना लिहिलं: मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. अपुल्लोसाचं नाव त्याने गाळलं नाही. त्यामुळे तुमचा भाऊ सुटला तर उपासनेत देवाचे आभार माना, आणि त्याच उपासनेत डॉक्टरांचं, समुपदेशकांचं, वहिनीचं नाव घ्या. त्याचंही घ्या. तो रोज सकाळी 'आज नाही' म्हणतोय, ते म्हणणं त्याचं आहे आणि देवाने दिलेलं आहे.

आणि तो नाही सुटला तर? हे न बोलता उत्तर संपवणं बरोबर नाही. येशू यरुशलेमकडे पाहून म्हणतो, कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसं मी तुझ्या लेकरांना कितीदा एकवटू पाहिलं, पण तुमची इच्छा नव्हती. देवाला नकार देता येतो, इतपत माणूस खरा आहे. भाऊ केंद्रातून परत येऊन पुन्हा प्यायला लागू शकतो. बऱ्याच जणांचं एकदा तरी तसं होतं. तेव्हा कोणीतरी नक्की म्हणेल की तुमच्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला. ते ऐकून घेऊ नका. तुमच्या विश्वासाच्या मापावर देवाचं काम अडत नाही, आणि भावाचा होकार तुम्ही त्याच्या वतीने देऊ शकत नाही.

आज करण्यासारखं एवढं. भाऊ शुद्धीत असेल अशा वेळी, सकाळी, त्याच्याशी एकट्याने बोला. चार जणांनी घेरू नका. डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा, म्हणजे तो हो म्हणाला तर त्याच दिवशी निघता येईल. त्याच्या हो म्हणण्यासाठी प्रार्थना करा, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांसाठीही करा. तो घरात मारझोड करत असेल तर वहिनी आणि मुलांना आधी सुरक्षित जागी हलवा; त्यासाठी कोणत्याही आत्मिक परवानगीची वाट पाहू नका. मंडळीतले 'देवावर सोडा' म्हणणारे पुन्हा आले, तर त्यांच्यातल्या एकाला विचारा, केंद्रात जायच्या दिवशी आमच्याबरोबर याल का.